मालमोटारीचे ब्रेक : तेलगळतीचा शोध व एबीएसच्या दिव्याचा अर्थ

बैलगाडीचें चाक ढिलें झालें तर तें कुरकुरून सांगतें, आणि बैल दमला तर तो मान खालीं घालतो. मोटारीच्या ब्रेकांतील दोष मात्र बहुधा मुकाट्यानें वाढतो व घाटाच्या उतारावर एकदम पुढें उभा राहतो. पुष्कळ गांवांतून शेतकऱ्यांनीं अगर त्यांच्या संघांनीं दोन-तीन टन माल नेणाऱ्या जुन्या मालमोटारी विकत घेतलेल्या आहेत. अशा गाडीचा ब्रेक कसा तपासावा, तेल कोठें गळतें हें कसें शोधावें, आणि एबीएसचा पिवळा दिवा लागून राहिला तर त्याचा अर्थ काय समजावा, एवढाच विषय या लेखांत घेतला आहे. मोठ्या ट्रकांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. त्यांचा विचार येथें केलेला नाहीं.

मी कारागीर नव्हे. माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. तरी हा लेख लिहिण्याचें कारण माझी स्वतःची एक चूक हें आहे; सबब ती प्रथम सांगतों.

१. चुकीची हकीकत

निवृत्त झाल्यावर आमच्या शेतकरी संघाचे हिशेब तपासण्याचें काम माझ्याकडे आलें. संघाची मालमोटार दुसऱ्या हातची घेतलेली होती. भाजीपाला भरून ती कसारा घाट उतरून वाशीच्या बाजारांत जात असे. एका हंगामांत सव्वा महिन्याच्या आंत ‘ब्रेक ऑइल, पाव लिटर’ अशीं तीन व्हाउचरें माझ्यापुढें आलीं व तिन्हींवर मीं सही केली. रक्कम लहान होती, पावत्या खऱ्या होत्या, बेरीज जुळत होती. हिशेब तपासणाऱ्यास आणखी काय पाहिजे, अशी माझी समजूत होती.

चवथें व्हाउचर आलेंच नाहीं. टोमॅटोचे क्रेट भरलेली गाडी इगतपुरी सोडून घाट उतरूं लागली, आणि कांहीं वळणांनंतर ब्रेकचें पेडल जवळजवळ तळाला टेकलें. चालक जुना व शांत डोक्याचा होता. त्यानें गाडी खालच्या गिअरांत घातली, हातब्रेक ओढला, आणि डोंगराच्या बाजूच्या गटारांत चाकें घालून ती थांबविली. क्लीनरच्या मनगटाचें हाड मोडलें, निम्मा माल वायां गेला. जीव वांचले ते त्या चालकाच्या प्रसंगावधानानें; माझ्या हिशेबतपासणीनें नव्हे.

ब्रेक ऑइल हें डिझेलप्रमाणें जळून खर्च होणारें द्रव्य नाहीं. तें बंद नळ्यांतून फिरणारें भांडवल आहे. तें कमी झालें म्हणजे एक तर तें कोठें तरी बाहेर गेलें, अगर ब्रेकचे पॅड झिजल्यामुळें कॅलिपरांत उतरलें. तिसरी वाट नाहीं. तिजोरींतील शिल्लक कमी भरली असतां कोणीं आपल्या खिशांतून ती पुरी केली, तर बेरीज जुळते, पण रक्कम कोठें गेली हें कळत नाहीं. मीं तिन्ही वेळां नेमकें हेंच होऊं दिलें.

२. ब्रेकची रचना

पेडल दाबलें म्हणजे मास्टर सिलिंडरांतील दट्ट्या पुढें सरकतो व तेलावर दाब पडतो. द्रव पदार्थ दाबानें आखडत नाहीं. म्हणून तो दाब पोलादी नळ्यांतून व चाकाजवळच्या रबरी होज पाइपांतून तसाच चाकापर्यंत पोंचतो. पुढील चाकांस बहुधा डिस्क असते; तेथें कॅलिपराचा दट्ट्या पॅड दाबतो. मागील चाकांस बहुधा ड्रम असतो; तेथें व्हील सिलिंडर दोन्ही शू बाहेर ढकलतो. पायाचें बळ वाढविण्यासाठीं मास्टर सिलिंडराच्या मागें मोठ्या डब्यासारखा बूस्टर बसविलेला असतो.

मास्टर सिलिंडराचे दोन भाग असतात, व बहुतेक मालमोटारींत त्यांतील एक पुढील चाकांस व दुसरा मागील चाकांस तेल पुरवितो. एका भागाचें तेल संपलें तरी दुसरा चालावा, असा यांत हेतु आहे. यामुळेंच दोष लपतो. मागील ब्रेक जवळजवळ गेलेले असतांहि सपाट रस्त्यावर रिकामी गाडी पुढील ब्रेकांवर थांबते, व सर्व ठीक आहे असा भास होतो.

३. तेलाचा गुणधर्म

नेहमींचें ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचें असतें. त्याच्या डब्यावर डॉट ३ अगर डॉट ४ असें लिहिलेलें असतें. गाडीच्या टांकीच्या झांकणावर जें लिहिलें असेल तेंच वापरावें. हें तेल हवेंतील पाणी शोषून घेतें. नवें कोरडें डॉट ३ निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत व डॉट ४ निदान २३० अंशांपर्यंत उकळूं नये असें प्रमाण आहे. परंतु त्यांत शेंकडा ३.७ पाणी मुरलें म्हणजे तीच मर्यादा अनुक्रमें १४० व १५५ अंशांवर येते. घाटांत तापलेल्या ब्रेकांत असें जुनें तेल उकळतें, त्याची वाफ होते, आणि वाफ आखडत असल्यामुळें पेडल पोकळ लागतें. म्हणून गळती नसली तरी दर दोन वर्षांनीं सर्व तेल बदलावें. उघडून ठेवलेल्या डब्यांतील जुनें तेल वापरूं नये.

इंजिनाचें तेल, रॉकेल, डिझेल अगर स्टिअरिंगचें तेल यांचा एक थेंबहि ब्रेकच्या टांकींत जातां कामा नये. त्यानें आंतील रबरी वॉशर फुगतात व सबंध यंत्रणा निकामी होते. हें तेल विषारी आहे. तें पिण्याच्या पाण्याच्या बाटलींत भरूं नये, व औषधफवारणीच्या मापानें मोजूंहि नये. रंगावर सांडल्यास लगेच पाण्यानें धुवावें, कारण तें रंग उतरवितें.

४. गळतीचा पंचनामा

जागेवर जाऊन, डोळ्यांनीं पाहून, क्रमानें लिहून ठेवणें, याला आमच्या खात्यांत पंचनामा म्हणतात. गळतीच्या शोधास हीच पद्धति लागू आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, चाकांस दगड अगर लांकडी ठोकळे लावावे, आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणीहि शिरूं नये. घोडी लावल्यावरच शिरावें. टांकीच्या बाहेरील बाजूस तेलाच्या पातळीची खूण करून तारीख लिहावी. मग सांधे व चाकांच्या आंतील बाजू धुवून कोरड्या कराव्या, व गाडीखालीं कोरा पुठ्ठा पसरून ती रात्रभर उभी ठेवावी.

सकाळीं पुठ्ठ्यावर डाग दिसला तर तो कशाचा आहे हें आधीं ठरवावें. एक थेंब पाण्यांत टाकून पाहावा. ग्लायकॉल जातीचें ब्रेक ऑइल पाण्यांत मिसळून जातें. इंजिनाचें अगर मागील आंसाचें तेल वर तरंगतें. ही परीक्षा महत्त्वाची आहे; कारण मागील आंसाचें सील फाटलें तरीहि ड्रम ओला होतो, व पुष्कळ वेळां नवा व्हील सिलिंडर घालून पैसा फुकट जातो.

त्यानंतर पुढील जागा याच अनुक्रमानें पाहाव्या.

पहिली जागा टांकी व तिच्या तळाचे रबरी वॉशर. दुसरी, मास्टर सिलिंडर व बूस्टर यांचा सांधा. येथील मागचा वॉशर फाटला तर तेल बूस्टरांत जातें व जमिनीवर एकहि थेंब पडत नाहीं. म्हणून तेल कमी होतें पण डाग दिसत नाहीं अशा वेळीं सांध्याखालीं बोट फिरवून ओल पाहावी, व जरूर तर कारागिराकडून मास्टर सिलिंडर सोडवून मागील बाजू तपासावी. तिसरी जागा क्लचची. कित्येक गाड्यांत क्लचहि तेलावर चालतो व त्यास तेल ब्रेकच्याच टांकींतून मिळतें. तेव्हां क्लचच्या पेडलाची मागील बाजू व गिअरबॉक्सजवळील सिलिंडर पाहण्यास विसरूं नये.

चवथी जागा पोलादी नळ्या. आपल्या गाड्यांतून रासायनिक खताचीं पोतीं जातात. सांडलेलें खत, विशेषतः पोटॅश, ओलाव्याबरोबर चासीवर बसतें व जेथें नळी पकडींत धरलेली असते तेथें गंज धरतो. नळी वरून चांगली दिसते, पण पकडीखालीं ती कागदासारखी पातळ झालेली असते. प्रत्येक पकड पुसून पाहावी, व खताची फेरी झाली कीं गाडी खालून पाण्यानें धुवावी. पांचवी जागा रबरी होज पाइप. स्टिअरिंग दोन्ही बाजूंस पुरें वळवून त्यावर भेगा, फुगवटा अगर टायरचें घासणें आहे काय तें पाहावें.

सहावी जागा मागील व्हील सिलिंडर. ही गळती ड्रमच्या आंत असल्यामुळें बाहेर उशिरां दिसते. ड्रम काढून सिलिंडराच्या टोकाची रबरी टोपी हलकेच उचलावी. आंत तेल साठलें असेल तर सिलिंडर गेला असें समजावें. तेलांत भिजलेले लायनर धुवून पुन्हां वापरूं नयेत. तापल्यावर मुरलेलें तेल पुन्हां वर येतें. ड्रममधील धूळ फुंकूं नये व हवेनें उडवूं नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव आहे व तें फुप्फुसास घातक आहे. ती ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी. सातवी जागा पुढील कॅलिपर, आणि आठवी एबीएसच्या ठोकळ्याला जोडलेल्या नळ्यांचे सांधे.

सांधा ओला आहे कीं नाहीं याची शंका असेल तेथें तो स्वच्छ पुसून त्यावर खडूची पूड भुरभुरावी व दुसऱ्या माणसाकडून पेडल दाबवून धरावें. ओल असेल तर पुडींत तिची रेघ उमटते.

५. पेडल काय सांगतें

इंजिन बंद असतां पेडल पांच-सहा वेळां दाबून बूस्टरांतील जोर संपवावा. मग तें घट्ट दाबून एक मिनिटपर्यंत धरावें. पेडल स्थिर राहिलें तर ठीक. तें हळूहळू खालीं जात असेल तर तेल कोठें तरी निसटत आहे. बाहेर कोठेंच ओल नसेल व टांकींतील पातळीहि उतरत नसेल, तर मास्टर सिलिंडराच्या आंतील वॉशर झिजून तेल आंतल्या आंत मागें जात आहे असा अर्थ होतो.

पेडल स्पंजासारखें लागत असेल तर नळ्यांत हवा शिरली आहे. पहिल्या दाबास खोल जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या दाबास वर येत असेल तर हवा तरी आहे, अगर मागील शू सैल पडले आहेत. घाटांत पोकळ झालेलें पेडल गाडी थंड झाल्यावर पूर्ववत् झालें तर तेलांत पाणी मुरल्याचा संशय घ्यावा. पेडल दगडासारखें कठीण लागलें तर बूस्टर तपासावा: पेडल दाबून धरून इंजिन सुरू केलें असतां तें किंचित् खालीं गेलें पाहिजे.

६. एबीएसचा दिवा

जोरानें ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊन घसरूं लागलें म्हणजे स्टिअरिंगचा उपयोग राहत नाहीं. तें टाळण्यासाठीं एबीएस यंत्रणा निघाली. बॉश कंपनीनें बनविलेली अशी यंत्रणा १९७८ सालीं मर्सिडीझच्या मोटारींत बसविण्यांत आली. चाकाबरोबर एक दांतेरी कडें फिरतें व त्याजवळ बसविलेला सेन्सर दांत मोजून चाकाची गति कळवितो. एक चाक इतरांपेक्षां एकदम मंद झालें कीं विजेचा नियंत्रक ठोकळ्यांतील झडपा उघडून त्या चाकाचा दाब सेकंदांत अनेक वेळां कमी-अधिक करतो. अशा वेळीं पेडल पायाखालीं थरथरतें. तो दोष नव्हे, व पाय उचलूं नये.

किल्ली फिरविल्यावर पिवळा दिवा कांहीं सेकंद लागून विझला पाहिजे. तो मुळींच लागत नसेल तर बल्ब गेलेला असेल, अगर मागील मालकानें तो मुद्दाम काढलेला असेल. जुनी गाडी घेतांना हें अवश्य पाहावें. तो लागून राहिला तर एबीएसनें आपलें काम बंद ठेवलें आहे. साधा ब्रेक मात्र चालूं असतो. लाल दिव्याची गोष्ट निराळी. हातब्रेक सोडलेला असून लाल दिवा लागला तर तेलाची पातळी अगर दाब यांचा प्रश्न आहे. गाडी तेथेंच उभी करावी. लाल व पिवळा दोन्ही लागले तर तो सेन्सरचा किरकोळ दोष आहे असें समजून पुढें जाऊं नये.

पिवळ्या दिव्याचा शोध स्वस्त गोष्टींपासून सुरू करावा. प्रथम तेलाची पातळी, मग बॅटरीचा जोर व चासीवरील अर्थिंगचा सांधा, कारण विजेचा दाब कमी पडला तरी दिवा लागतो, मग फ्यूज. चारी बाजूंस एकाच मापाचे टायर आहेत काय तें पाहावें. एका बाजूस निराळ्या मापाचा टायर असला तर त्या चाकाची गति निराळी मोजली जाते व नियंत्रक गोंधळतो. त्यानंतर स्कॅनर लावावा. साधा स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचेच दोष वाचतो. एबीएसचे ‘सी’ अक्षरानें सुरू होणारे कोड वाचणारा स्कॅनर मागावा.

कोडानें एखाद्या चाकाचें नांव सांगितलें म्हणून लगेच नवा सेन्सर घेऊं नये. कोड दोषाचा गट नंबर सांगतो, बांधावरची खूण दाखवीत नाहीं. सेन्सरची तार टायरला घासली आहे काय, गोदामांतील उंदरांनीं ती कुरतडली आहे काय, जोडणींत पाणी अगर हिरवा गंज आहे काय, दांतेरी कड्यास तडा अगर चिखल आहे काय, चाकाचें बेअरिंग हलतें काय, हें पाहावें. सेन्सरच्या बैठकीखालीं गंज चढून तो कड्यापासून वर उचलला गेला, तर गाडी थांबतां थांबतां कोरड्या रस्त्यावरहि पेडल थरथरूं लागतें. अशा वेळीं सेन्सर काढून बैठक साफ केल्यास पुष्कळदां काम होतें. तारेच्या वेटोळ्याचा सेन्सर असेल तर त्याचा रोध ओहममध्यें मोजून त्याची दुसऱ्या बाजूच्या चांगल्या सेन्सरशीं तुलना करावी. बहुधा तो एक ते अडीच हजार ओहमच्या दरम्यान भरतो. कांहीं गाड्यांतील सेन्सर बाहेरून वीज मिळाल्याशिवाय चालत नाहींत. त्यांस ही परीक्षा लागू नाहीं व ती करूंहि नये.

७. दुरुस्तींत काय करूं नये

फुटलेल्या पोलादी नळीस रबरी नळी व तार बांधून अगर तांब्याची नळी घालून काम भागवूं नये. ब्रेकचीच नळी योग्य टोकें काढून बसवावी. गळक्या चाकाची होज चिमटून बंद करूं नये. एका बाजूचा सिलिंडर अगर लायनर बदलल्यास दुसऱ्या बाजूचाहि बदलावा, नाहीं तर गाडी एका अंगास ओढते. रबरी भाग रॉकेलनें अगर पेट्रोलनें धुवूं नयेत. काम चालूं असतां टांकी रिकामी होऊं देऊं नये. एबीएसच्या ठोकळ्यांत हवा शिरली तर ती काढण्यास पुष्कळ गाड्यांत स्कॅनरनेंच झडपा चालवाव्या लागतात. दिवा दिसूं नये म्हणून फ्यूज काढणें अगर बल्बवर चिकटपट्टी लावणें हें तर पाप समजावें.

८. आमच्या गाडींत काय निघालें

आमच्या गाडीची तपासणी मी समोर बसून लिहून घेतली. मागील डाव्या चाकाचा व्हील सिलिंडर गळत होता व लायनर भिजलेले होते. जोडटायरांच्या आड, चिखलाखालीं तें कोणास दिसलें नाहीं. टांकींतील मागील ब्रेकांचा कप्पा रिकामा पडून त्या नळ्यांत हवा गेली होती. सारा भार पुढील ब्रेकांवर आला, ते तापले, आणि तेथील जुनें काळें तेल उकळलें. एबीएसचा पिवळा दिवा मात्र अगदीं निराळ्या कारणानें लागला होता: पुढील उजव्या सेन्सरची तार घासून तुटली होती.

पिवळा दिवा कित्येक महिने लागलेला होता. चालकास वाटे, तेल कमी झाल्यानें तो लागतो, तेल घातलें कीं झालें. कारागिरास वाटे, दिवा सेन्सरचा आहे, तेलाशीं त्याचा संबंध नाहीं. दोष दोन होते, आणि प्रत्येकानें एका दोषाच्या नांवावर दुसरा मांडून ठेवला. त्या दिवशीं शेजारचा लाल दिवा लागला तेव्हां, समोर दिवा असणें ही चालकाच्या डोळ्यांस रोजचीच गोष्ट झालेली होती.

आतां संघाच्या व्हाउचरावर ‘ब्रेक ऑइल’ या शब्दांपुढें एक नवा रकाना छापला आहे: ‘गळती कोठें सांपडली’. तो भरलेला नसेल तर मी सही करीत नाहीं, आणि गाडीहि बाहेर पडत नाहीं. दर सोमवारीं सकाळीं टांकीची पातळी, दोन्ही दिवे व एक मिनिट धरलेलें पेडल यांची नोंद चालकाच्या वहींत होते. या कामास दहा मिनिटें लागतात. क्लीनरचें मनगट जुळण्यास दीड महिना लागला, व तें अजून पूर्वीप्रमाणें वळत नाहीं.